महालातल्या वाड्यात साठ दिवस : कलावंत-निवासाच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

आज करारावर सह्या झाल्या. नागपूरच्या महाल भागातला वाडा तीन वर्षांसाठी आमच्या संस्थेच्या ताब्यात आला. भाडं नाममात्र आहे. दुरुस्ती आम्ही करायची आणि सागवानी खांबांना हात लावायचा नाही, एवढीच अट. मालक दादा पुण्याला असतात. चावी देताना म्हणाले, "देवघर तेवढं बंद राहू द्या, बाकी घर तुमचं." बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता.

वाडा असा : मधे चौक, तीन बाजूंनी ओसरी, वर २२ फूट लांबीची माडी, मागे विहीर आणि न्हाणी. पाच खोल्या राहण्याजोग्या होतील. सिव्हिल लाइन्सकडे बंगला मिळत होता, पण मी महालासाठीच हट्ट धरला. इथून चितार ओळ, म्हणजे मूर्तिकार-चित्रकारांची गल्ली, पायी सात-आठ मिनिटांवर. बांबू, सुतळी, रंग, मांजरपाट, खिळे, सगळं इतवारीपर्यंत चालत जाऊन आणता येतं. काम करणाऱ्या माणसाला शांतता लागते हे खरं, पण रात्री आठला रंगात कालवायचा सरस संपला तर तो कुठे मिळेल हेही लागतं.

यंदा तीन कलावंत, दोन महिने. राहणं, जेवण, सामान आणि मानधन आपल्याकडून.

२ मार्च

चार दिवस गावाला गेले होते. परतले तर कंत्राटदाराने ओसरीच्या दोन भिंतींना सिमेंटचं प्लास्टर मारून टाकलेलं. गुळगुळीत, राखाडी, आणि या घरासाठी पूर्ण चुकीचं. ठरलं होतं चुन्याचं. वास्तुविशारद मैत्रिणीने पाहिलं आणि जिन्यावर बसूनच राहिली.

कंत्राटदार म्हणतो सिमेंट जास्त मजबूत. जुन्या चुन्याच्या भिंतीला ते लागू पडत नाही. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि नंतर बाहेर सोडते. वरून सिमेंट मारलं की ती वाट बंद होते, ओल आतच कोंडते आणि विटांचा भुगा होऊ लागतो. दोन-तीन पावसाळ्यांत प्लास्टर पापुद्र्यासारखं सुटतं आणि जाताना विटेचा थर घेऊन जातं.

सगळं खरवडून काढायचं ठरलं. ३८,००० रुपये आणि नऊ दिवस गेले. एका कोपऱ्यात, जिन्याखाली, हातभर तुकडा निघेचना. विटा फुटायला लागल्या म्हणून तो तसाच ठेवला. आता मागच्या अंगणात हौद करून कळीचा चुना विरवायला टाकलाय. जुने गवंडी काका मिळाले, ते गुळाचं पाणी आणि हिरड्याचं पाणी मागतात. त्यांच्या हाताखाली दोन पोरं शिकतायत, ही या सगळ्या मनस्तापातली चांगली गोष्ट.

२२ एप्रिल

आजची नोंद सविस्तर करते, कारण या प्रकल्पाचं स्वरूपच आज बदललं.

निधीचा मोठा भाग एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, येतोय. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक नफा, उलाढाल किंवा निव्वळ मालमत्तेच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. कशावर, ते सातव्या अनुसूचीत दिलंय, आणि तिथे कला-संस्कृतीचं जतन आहे. बहुतेक पैसा शाळा आणि दवाखान्यांकडे जातो, तो जायलाच हवा. पण कलेची ओळ कायद्यात आहे हे अनेक लहान संस्थांना माहीतच नसतं. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी प्रमाणपत्रं, सीएसआर निधी घ्यायला लागणारी सीएसआर-१ नोंदणी हे सगळं असल्यामुळे दार उघडलं. ज्यांना असं काही सुरू करायचंय त्यांनी घर शोधण्याआधी हे कागद करावेत.

आमच्या पहिल्या अंदाजपत्रकात कलावंताचं मानधन महिन्याला १०,००० होतं. समारोपाचं प्रदर्शन, छापील पुस्तिका आणि पाहुण्यांचा चहा-नाश्ता मिळून ९०,०००.

आज बैठकीत खजिनदार काकांनी सरळ विचारलं, "दोन महिने तो इथं जेवेल. त्याच्या घरची चूल कोण पेटवेल?"

कुणालाच लगेच उत्तर देता आलं नाही. राहणं-खाणं फुकट आणि वर थोडे पैसे, हे कागदावर उदार दिसतं. पण जो माणूस रोज हातावर कमावतो त्याच्यासाठी दोन महिने घर सोडणं म्हणजे दोन महिन्यांची कमाई सोडणं. १०,००० मध्ये फक्त तोच येऊ शकतो ज्याच्या घरी दुसरं कुणी कमावतं. मग आपण गुणवत्तेवर निवड करतोय असं कितीही म्हटलं तरी निवड आधीच झालेली असते.

हिशेब साधा निघाला. तीन माणसं, दोन महिने, प्रत्येकी १५,००० वाढवले तर ९०,००० लागतात. नेमका प्रदर्शनाचा खर्च. प्रदर्शन कापलं. मानधन २५,०००, आणि ते महिन्याच्या १ तारखेला घरच्या खात्यात, कलावंत सांगेल त्या नावावर.

कंपनीच्या अधिकारी बाईंना हे समजावायला तास गेला. त्यांना वर दाखवायला काहीतरी लागतं, फोटो लागतात, किती लोकांना लाभ झाला तो आकडा लागतो. त्यांची अडचण खोटी नाही. शेवटी असं ठरलं : सीएचं उपयोगिता प्रमाणपत्र, महिन्याला एक अहवाल, आणि एक संध्याकाळ वाडा सगळ्यांसाठी उघडा. त्या दिवशी काम दाखवायचं की नाही हे कलावंताने ठरवायचं. निघताना त्या म्हणाल्या, "माझे वडील सायनबोर्ड रंगवायचे." आणखी काही बोलल्या नाहीत. गाडीत बसल्या.

६ मे

नियम लिहायला बसले. लांबची उदाहरणं समोर ठेवली.

फ्रान्सच्या राजाने १६६६ मध्ये रोममध्ये तरुण चित्रकारांसाठी अकादमी काढली. राहणं, जेवण, पैसा सगळं राजाचं, पण त्या बदल्यात ठरलेलं काम पॅरिसला पाठवायचं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो गावी १९०७ पासून मॅकडॉवेल हे कलावंत-निवास आहे. तिथे दुपारचं जेवण टोपलीत घालून स्टुडिओच्या दाराशी ठेवून जातात, बोलावल्याशिवाय कुणी आत जात नाही. मुक्काम संपताना प्रत्येक जण स्टुडिओतल्या लाकडी फळीवर आपलं नाव लिहितो. आपल्याकडे मद्रासजवळ चोळामंडलम हे चित्रकारांचं गाव १९६६ चं. तिथल्या चित्रकारांनी बाटिक आणि हस्तकलेच्या वस्तू विकून पैसा उभा केला आणि जमीन घेतली. अहमदाबादचं कनोरिया केंद्र १९८४ पासून स्टुडिओ देतंय.

मला यातून दोन गोष्टी घ्यायच्या आहेत, टोपली आणि फळी. कामाची अट नको. जुन्या दाराची एक सागवानी झडप पडून आहे, सुतारदादांना तिच्या तीन फळ्या करायला सांगितल्या.

२८ मे

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू. गवंडी सकाळी साडेपाचला येतात, अकराला थांबतात. चुना सावकाश सुकायला हवा, या उन्हात तो भराभर सुकून तडकतो. दिवसातून चार वेळा पाणी मारतो आणि ओली पोती टांगून ठेवतो. काम जुलैच्या आत होईल.

१६ जून

अर्ज ४१. एका पानाचा अर्ज ठेवला होता, मराठी किंवा हिंदी, आणि लिहिणं जमत नसेल तर फोनवर बोलून रेकॉर्डिंग पाठवायची सोय. ४१ पैकी १२ जणांनी आवाज पाठवला. माझ्या मते सर्वांत चांगले अर्ज त्यातच होते. माणूस आपल्या कामाबद्दल बोलताना जे सांगतो ते लिहिताना गाळतो.

निवड झालेले तिघे. गडचिरोलीतल्या वडशाचे काका, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटकांचे पडदे रंगवतात. छत्तीसगडमधल्या कोंडागावचा २४ वर्षांचा मुलगा, ढोकऱ्याचं, म्हणजे मेण वितळवून त्या जागी धातू भरायचं, ओतकाम घरातच आहे. आणि कोल्हापूरची एक चित्रकार, चार वर्षांची मुलगी आणि आई यांच्यासह. लहान मूल चालेल का यावर वाद झाला. मी म्हटलं, मूल चालणार नसेल तर आई चालणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. खोली मोठी दिली, विहिरीवर लोखंडी जाळी बसवली.

५ जुलै

वडशाच्या काकांना फोन केला. १५ जुलैला या म्हटलं. पलीकडे शांतता. मग म्हणाले, "ताई, मले यायचं तं आहे, पण रोवणी सोडून कसा येऊ? मजूरच भेटून नाही राहिले."

चूक माझी. धानाच्या मुलखातल्या माणसाला जुलैत बोलावलं. त्यांच्याकडे वर्षाचं गणित असं : जुलैत रोवणी, पोळ्याच्या मागेपुढे हात मोकळे, दिवाळीनंतर धान निघतं आणि नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. म्हणजे पडदे रंगवायला मधला काळच सोयीचा. तारीख पुढे नेली, १४ ऑगस्ट ते १२ ऑक्टोबर. बाकी दोघांना विचारलं, त्यांना चालतंय.

१४ ऑगस्ट

सगळे पोहोचले. कोंडागावचा मुलगा रायपूरवरून रात्रभर प्रवास करून आला. पोत्यात वारुळाची माती आणि मेण घेऊन आलाय. म्हणाला, इथली माती कशी निघेल काय माहीत.

प्रत्येकाच्या हातात परतीच्या प्रवासाचे पैसे रोख दिले, आजच. हा नियम मी अडून बसून घातला. जनगढ सिंह श्याम यांची आठवण होती मनात. पाटणगढचा हा गोंड कलावंत, भोपाळच्या भारत भवनाने त्यांचं काम जगापुढे आणलं. २००१ साली जपानमध्ये एका संग्रहालयाच्या मुक्कामात, घरापासून इतक्या दूर, त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. मुक्काम कितीही चांगला असो, माणसाला वाटेल त्या क्षणी उठून घरी जाता आलं पाहिजे, आणि त्यासाठी कुणाला विचारायला लागू नये.

२० ऑगस्ट

वडशाच्या काकांनी माडीवर २० बाय १२ फुटांचा मांजरपाट पसरला. खळ देऊन झाली, सफेद्याचा पहिला हातही. आज सरस शिजवला. त्यांची पद्धत तासभर बघत बसले. मोठ्या पातेल्यात पाणी उकळतं, त्यात लहान डबा, डब्यात रात्रभर भिजवलेला सरस. थेट आचेवर कधीच नाही, करपला की चिकटपणा जातो. मधेच बोट बुडवून अंगठ्याशी जुळवतात आणि हळूच दूर करतात. तार तुटली तर अजून पाणी आटवायचं, फार लांबली तर पाणी घालायचं. पावडरचा रंग या सरसात कालवायचा. सरस कमी पडला तर पडदा गुंडाळताना रंग पावडर होऊन झडतो, जास्त झाला तर कडक होऊन तडे जातात.

तेवढ्यात खालून ओरड. माडीच्या पाटणीत फटी आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. निळा रंग फटींतून थेट स्वयंपाकघरात, भिजवलेल्या कणकेवर. मावशींनी कणीक टाकून दिली. कोल्हापूरची छोटी मात्र खाली पाटावर बसून थेंब मोजत होती. संध्याकाळी माडीवर ताडपत्री अंथरली.

त्यावरून दुसरी गोष्ट कळली. कणीक गेली म्हणून मावशींनी रात्री नुसता भात केला, आणि काका आणि कोंडागावचा मुलगा दोघेही पोटभर जेवले. दोघेही भात खाणारे. सहा दिवस पोळ्या निमूट खात होते, मागायला संकोच. उद्यापासून दोन्ही वेळा भात.

२७ ऑगस्ट

समितीतल्या एकांनी फोन केला, काकांचं काम कुठवर आलं? पडद्यावर निळ्या आकाशाचा एक हात सोडून काही नाही. काका रोज पहाटे चौक झाडतात, विहिरीचा रहाट दुरुस्त केला, दोन पंख्यांच्या वायरी जोडल्या, दुपारी ओसरीवर बसून खांबांकडे बघत राहतात. मी स्पष्ट सांगितलं की मी विचारणार नाही आणि कुणी विचारूही नये. ज्याने तीस वर्षं "परवा नाटक आहे, उद्या पडदा पाहिजे" एवढंच ऐकलं, त्याला नुसतं बसायला मिळणं हेच तर आपण देऊ केलंय.

३ सप्टेंबर

तान्हा पोळा आणि मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. सकाळपासून वाड्याच्या दारात गर्दी. काळी मारबत, पिवळी मारबत, मागे बडग्यांचे पुतळे, सगळा महाल-इतवारी रस्त्यावर. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" छोटी काकांच्या खांद्यावर. एवढी मोठी बाई मिरवून शेवटी जाळून टाकायची, यावर कोंडागावचा मुलगा थक्क. "इतनी मेहनत करके?" त्याने दोनदा विचारलं. त्याच्याकडेही मेणाचं सगळं बारीक काम शेवटी वितळून जातंच, धातू त्या रिकाम्या जागेत शिरतो. हे त्याला म्हटलं तर हसला. आल्यापासून पहिल्यांदा.

दुपारी काकांनी माडीचं दार आतून लावून घेतलं. जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवलं.

११ सप्टेंबर

मुलगा तीन दिवस नीट जेवला नाही. रात्री ओसरीवर फेऱ्या मारतो. कोपऱ्यात मेणाच्या तारा गुंडाळलेल्या तशाच पडल्यात. विचारलं तर "कुछ नहीं दीदी". शेजाऱ्यांनी धुराची तक्रार केल्यावर अंगणातली भट्टी बंद करावी लागली, ते त्याला लागलंय असं आधी वाटलं. गावाबाहेर एका कुंभारदादांच्या आवारात ओतायची सोय केली, तरी फरक नाही.

रात्री काका त्याच्या शेजारी जाऊन बसले. काकांना हलबी येते, वडशाकडच्या हलबांमध्ये लहानपणापासून वावर. आम्ही महिनाभर त्याच्याशी हिंदीत बोलत होतो आणि त्याची स्वतःची भाषा बोलणारा माणूस त्याच्याच पंगतीत जेवत होता. दोघे दीड वाजेपर्यंत बोलत होते. सकाळी मुलाने सांगितलं, आजी आजारी आहे, घरून कुणी कळवलं नव्हतं, बहिणीच्या बोलण्यातून समजलं. दहाच्या गाडीने गेला. रोख पैसे होते त्याच्याजवळ. परत येईन म्हणाला नाही, मीही विचारलं नाही.

१७ सप्टेंबर

अनंत चतुर्दशीच्या गर्दीतून वाट काढत मुलगा आला. आजी बरी आहे. येताना आणखी माती आणली.

२८ सप्टेंबर

उघड्या वाड्याची संध्याकाळ. दीडेकशे माणसं आली असतील. चितार ओळीतले कारागीरही आले. कोल्हापूरच्या ताईने भिंतीवर फक्त अर्धवट स्केचेस लावली. मुलाने ओतकाम दाखवलं नाही, मेणाचा एक बैल दाखवला, अजून न वितळलेला. काकांची माडी बंद. कंपनीच्या बाई तासभर त्या बैलासमोर उभ्या होत्या.

१२ ऑक्टोबर

दसरा. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या लोकांची रीघ, पांढरी वस्त्रं, डोक्यावर गाठोडी. ताई आईला आणि मुलीला घेऊन पहाटेच गेल्या, चार पिशव्या पुस्तकं आणली.

सागवानी फळ्यांवर नावं लिहून झाली. मुलाने नावाखाली बारीक बैल कोरला. काकांनी नावापुढे गाव लिहिलं, तारीख नाही लिहिली.

संध्याकाळी माडी उघडली. पडद्यावर राजवाडा नाही, आमचा वाडा. नाटकात महालाचा पडदा लागतो तो नेहमी संगमरवरी खांबांचा, झुंबरांचा असतो. यात सागवानी खांब, चौक, रहाट. ओसरीच्या भिंतीवर चुन्याचा तो मऊ पिवळट पांढरा रंग त्यांनी इतका नेमका पकडलाय की गवंडी काकांनी जवळ जाऊन बोट लावलं. जिन्याखाली एक राखाडी तुकडा आहे. सिमेंटचा. "तो तं आहेच ना तिथं," काका म्हणाले.

१३ ऑक्टोबर

पडदा बांबूवर गुंडाळला तर वीस फुटांची लांबी. एसटीच्या टपावर जाईना, घडी घातली तर रंग तडकणार. छोटा हत्ती टेम्पो केला वडशापर्यंत, ४,५०० रुपये, "सामान वाहतूक" खाली टाकले. पुढच्या वर्षी अंदाजपत्रकात हा रकाना आधीपासून ठेवायचा.

२४ नोव्हेंबर

वडशाजवळच्या एका गावात नाटक पाहायला गेले, खजिनदार काका सोबत. दहानंतर सुरू झालं. तणसावर पोती टाकून माणसं बसलेली, थंडी बरीच. दुसऱ्या अंकात पडदा सुटला. माझ्या शेजारच्या आजी नातीला म्हणाल्या, "पाय वो, कोनाचं तरी खरंच घर हाय." खजिनदार काकांनी डोळ्यांचा चष्मा काढून पुसला.

फ्लेक्सचा पडदा निम्म्या किमतीत मिळतो, म्हणून नाटक कंपन्या तिकडे वळल्या होत्या. काकांना यंदा हाताने रंगवलेले तीन पडदे नव्याने सांगितलेत.

पहाटे साडेचारला नाटक सुटलं. काका पडदा उतरवत होते, बांबूचं दुसरं टोक मी धरलं. गुंडाळता गुंडाळताच पुढच्या तुकडीची तारीख ठरवली : रोवणी आटोपल्यावर, १० ऑगस्ट. माडीच्या फटी तोवर बुजवून घ्यायच्या आहेत.